सकाळी उंच, संध्याकाळी बुटकी

टाचा खाली टेकवा आणि मग ऐका. मी उंची मोजायची पट्टी बोलतेय. पिवळं लाकूड, अंगभर काळ्या रेघा आणि डोक्यावर येऊन टेकणारी एक सरकती फळी, एवढाच माझा संसार. मला घडवलं एका सुताराने, पण रेघा ओढल्या त्याच्या बायकोने. त्याला करवत सरळ चालवता यायची, पेन्सिल नाही.

तिथून माझी रवानगी झाली अग्निशमन दलाच्या भरती कार्यालयात. तपासणीच्या खोलीत वजनकाट्याशेजारी मला भिंतीला ठोकलं आणि माझ्या अंगावर एक लाल रेघ मारली. डोकं रेघेला लागलं तर नोकरी, खाली राहिलं तर घरचा रस्ता. एवढा मान मिळाल्यावर कोण शेफारणार नाही? मीही शेफारले.

माझ्यापुढे आली की भलीभली माणसं पोरकट होतात. कुणी मान ताणतं, कुणी छाती फुगवतं, जणू उंची हवेने भरता येते. एकाने केसांचा तुरा उभारून आणला होता. फळी टेकली आणि तुऱ्यासकट त्याचं तोंडही खाली बसलं.

अशात एका दुपारी चिमणी आली. कागदावरचं नाव वेगळं होतं, पण तिच्या मावशीने दारातून "चिमणे, सरळ उभी राहा गं" म्हटलं आणि तेव्हापासून सगळे तिला चिमणीच म्हणू लागले. मुलगी अंगाने किरकोळ, पण सकाळपासून दोरावर चढून, जाड पाइप ओढून, वाळूची पोती पाठीवरून जिन्याने वर नेऊन सगळ्या परीक्षांत पहिली आली होती. मावशी गाद्यांच्या दुकानाचा टेम्पो चालवायची. तिनेच या भाचीला वाढवलं होतं.

फळी खाली आली आणि लाल रेघेच्याही खाली जाऊन थांबली. नखभर.

"कमी भरली," मोजणीदार म्हणाले.

"घरी तर बरोबर भरले होते," चिमणी म्हणाली. "आज सकाळीच मावशीने दाराला उभं करून मोजलं."

"मग दार खोटं असेल."

"रोज त्या दारातून गाद्या काढते मी," मावशी म्हणाली. "मला नका शिकवू माझं दार."

टेबलामागे बसलेल्या डॉक्टरबाईंना हसू आलं. "दार खरं आहे आणि पट्टीही खरी आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. रात्रभर आडवं पडलं की त्या पाणी धरतात, फुगतात. दिवसा उभं राहून, ओझी उचलून दबतात. माणूस संध्याकाळी सकाळपेक्षा चांगला सेंटिमीटरभर कमी भरू शकतो. आणि हिच्या पाठीवर तर आपणच पोती दिलीत."

मी थक्क झाले. इतकी माणसं मोजली, पण ती दुपारपर्यंत खचतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

भरतीचे साहेब आले. ताडमाड माणूस, सगळे मागून त्यांना 'खांब' म्हणायचे. "फेरमोजणी एकदाच मिळते," ते म्हणाले. "परवा सकाळी या. तेव्हाही कमी भरली तर विषय संपला."

निघताना डॉक्टरबाई चष्मा पुसत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "उठल्यावर पहिल्या तासाभरातच बरीचशी उंची उतरते. बसमध्ये उभं राहून आलं तर काय उपयोग?"

मावशी खिडकीतून आपल्या टेम्पोकडे बघत राहिली.

परवाच्या दिवशी कार्यालय नुकतंच उघडलं होतं. टेम्पो आवारात शिरला, मागची फळी पडली आणि दोन हमालांनी एक गादी उचलून बाहेर काढली. गादीवर चिमणी, उताणी, हनुवटीपर्यंत चादर ओढलेली.

"अहो, पेशंट इथे नाही, दवाखान्यात न्या," मोजणीदार धावत आले.

"पेशंट कसला? उमेदवार आहे. बाजूला व्हा."

गादी दारात अडकली. "उभी करा, म्हणजे जाईल," एक हमाल म्हणाला.

"उभी करायची असती तर चालवतच आणली नसती का?" मावशीने त्याला झापलं आणि गादीच्या कडा दुमडून वरात आत घेतली.

"मावशी, शिंक येतेय," चिमणी छताकडे बघत पुटपुटली.

"गिळ."

चिमणी गादीवरून उठली ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचं डोकं मला टेकलं. मला वाटत होतं, फळीला वर धरून ठेवावं. पण लाकडाला कुठले हात? फळी आली आणि लाल रेघेवर थांबली. मोजणीदारांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "भरली," ते म्हणाले.

"ही चलाखी झाली," साहेब म्हणाले. "दुपारी ही परत कमी होणार."

"दुपारी सगळेच कमी होतात, साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि वय वाढलं की कायमचे. तुम्हीच उभे राहा पाहू."

साहेब ऐटीत उभे राहिले. स्वतःच्या भरतीच्या वेळी होते त्यापेक्षा चांगली दोन बोटं कमी भरले.

"पट्टी बिघडलीय," ते म्हणाले.

मला झोंबलंच ते. पण मावशी शांतपणे म्हणाली, "नाहीतर दार खोटं असेल."

साहेबांनी टोपी घातली, ती जरा वरच ठेवली, आणि म्हणाले, "घ्या तिला."

पुढे कार्यालयात विजेवर चालणारं यंत्र आलं आणि मला अडगळीत टाकलं. चिमणीने मला मागून घेतलं आणि जवानांच्या खोलीत लावलं. तिथे पाळीच्या आधी आणि नंतर सगळे माझ्यापुढे उभे राहतात. जो जास्त खचला त्याने चहा करायचा.

परवाच एक आग विझवून सगळे परतले. चिमणीने एका जाडजूड आजोबांना पाठीवर घेऊन जिन्याने खाली आणलं होतं आणि आजोबा वाटभर चपला वर राहिल्या म्हणून कुरकुरत होते. काजळलेल्या तोंडानेच तिला माझ्यापुढे उभं केलं. फळी लाल रेघेच्या बरीच खाली गेली. नेमके तेव्हाच साहेब दारात आले.

साहेबांनी फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नियमाने चहा माझ्याकडे," चिमणी म्हणाली.

"तू बस," साहेब म्हणाले आणि स्वतः भांडं चढवलं. चहा भयंकर झाला होता. सगळ्यांनी प्यायला.

माझ्या रेघा आता पुसट झाल्यात, फळी अडकते. तरी एक मागणं आहे. दिवसभर राबून पाठ दुखली, तर घटकाभर आडवे होत जा. गेलेलं बरंचसं परत मिळतं.

आणि जाताना पाय न वाजवता जा. रात्रपाळीची मंडळी इथे झोपलीत. उंच होतायत.