माझ्यासमक्ष म्हणे!

मी एक जुना, गंजका शिक्का आहे. रबराचा नव्हे हो. ते रबरी निळी जीभ दाखवत कुणाच्याही खिशात जाऊन बसतात. मी लोखंडाचा. माझ्या जबड्यात कागद सरकवून वरचा दांडा दाबला की कागदाच्या अंगावर अक्षरं उठतात, बोट फिरवलं तर हाताला लागतात. दयाराम वकिलांचं नाव आणि त्याखाली ‘नोटरी’.

मित्रांनो, नोटरी म्हणजे काय ते तुम्हांला शाळेत कुणी सांगितलं नसेल. तुमच्या मास्तरांना तरी ठाऊक असेल का, शंकाच आहे. मीच सांगतो. नोटरी म्हणजे सरकारनं नेमलेला डोळा. समोर आलेला माणूस तोच आहे ना, कागदात काय लिहिलंय ते त्याला कळलं ना, सही तो आपखुशीनं करतोय ना, एवढं बघायचं, सही आपल्या डोळ्यांदेखत घ्यायची आणि मग मला दाबायचं. नांगर धरायचा नाही, जाळं ओढायचं नाही. खुर्चीत बसून नुसते डोळे उघडे ठेवायचे. तेवढंही ह्यांना जड झालं!

माझा जन्म मुंबईचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं भिंग डोळ्याला लावून माझी अक्षरं कोरली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून मी रेवसला उतरलो, दयाराम वकिलांच्या मांडीवर, रेशमी रुमालात गुंडाळलेला. अलिबागेत पिंपळाखाली त्यांचं टेबल, वर निळी ताडपत्री. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावलं, पेढा ठेवला. पेढा अर्थात वकिलांनीच खाल्ला.

तेव्हाचा दयाराम वकील माणूस होता, हे कबूल केलं पाहिजे. एकदा बुधाजी नावाचा मिठागरवाला आला. म्हणाला, “सायब, सही भावाची पायजे, पण त्यो दवाखान्यात पडलाय. मी केली तं चालंल ना? सख्खा भाऊ हाय.”

“सख्खा असलास तरी हात तुझाच आहे,” वकील म्हणाले. मला पिशवीत टाकून रिक्षानं दवाखान्यात गेले. आजाऱ्याला उशीला टेकवून बसवलं, अख्खा कागद त्याच्या बोलीत वाचून दाखवला, घरच्यांना बाहेर काढून विचारलं, “बाबा, कुणाचा जोर नाही ना तुझ्यावर?” मग सही, मग मी. त्या दिवशी कागदावर मी असा उठलो, असा उठलो की काय सांगू!

पुढे टेबलाशी निकेत चिकटला. एजंट. गिऱ्हाईक तो आणायचा, कागद तो आणायचा, सह्यासुद्धा तोच आणायचा. माणसं तेवढी आणायची नाहीत. “दादा, पार्टीला दुपारची लाँच पकडायचीय, ती कशाला रांगेत उभी राहील? तुम्ही फक्त मारा.” आणि हे मारायचे! सोमवारी घाई नको म्हणून रविवारीच घरी मालिका बघत कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या ठोकून मला दाबून ठेवायचे. कागदावर अजून एक अक्षर नाही, आणि खाली मी साक्षीला हजर! मित्रांनो, तुमच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षेआधीच कुणी गुण देऊन ठेवले तर त्या मास्तरला तुम्ही काय म्हणाल? तेच मी वकिलांना म्हणतो. तेल तर मला कधीच मिळालं नाही. जेवण झालं की माझ्या जबड्यात सुपारी फोडायचे.

अशाच एका गठ्ठ्यातला एक कागद नागावच्या पुढच्या एका वाडीत गेला.

ती वाडी कोकिळाबाईंची. नारळ, पोफळी, मधोमध विहीर. नवऱ्यामागं बाईंनी एकटीनं जगवलेली. सातबाऱ्यावर पुतण्याचंही नाव, हितेशचं. त्याला पोफळी तोडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. काकीची संमती हवी. काकी देत नव्हती. मग काय, निकेत होताच! कागद तयार झाला: ‘माझी संमती आहे’, खाली कुणाचा तरी अंगठा, आणि त्याखाली दयाराम वकिलांच्या सहीनिशी, ‘सदर कोकिळा हिने माझ्यासमक्ष अंगठा केला. मी तिला व्यक्तिशः ओळखतो.’ आणि मी.

बाईंना कळलं तेव्हा हितेशनं झाडांवर कुऱ्हाडीच्या खुणा केल्या होत्या. त्या ग्रामसेवकाकडे धावल्या. तो म्हणाला, “मावशी, मला पटतंय. पण शिक्क्याचा कागद मी कसा खोटा म्हणू? तुम्ही आला नव्हता असं वकिलानं स्वतः लिहून दिलं, तर बांधकामाची परवानगी थांबवतो. पण लवकर करा.”

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या टेबलासमोर येऊन बसल्या. वकिलांची मान मोबाइलमध्ये.

“बोला मावशी. कसला दाखला?”

“वकीलसायब, मना वलखता का?”

वकिलांनी चष्मा सारखा केला. “नाही बुवा. कुठल्या तुम्ही?”

“नीट बगा. आदी कदी आलेली आसंन मी?”

“छे! एकदा बघितलेला माणूस मी जन्मात विसरत नाही. तुम्ही पहिल्यांदाच येताय.”

“आयकलंत ना रं समद्यांनी?” बाईंनी मागच्या रांगेला विचारलं आणि कमरेची पिशवी सोडून ग्रामसेवकाकडून आणलेली त्या कागदाची प्रत पुढं केली. “मंग ह्ये वाचा. मोट्यानं.”

वकिलांनी वाचायला घेतलं. ‘व्यक्तिशः’पर्यंत आले आणि कागद पालथा ठेवला.

“कोकिला ती मीच,” बाई म्हणाल्या. “आनि मना सही येते. आंगटा कुनाचा हाय त्यो?”

रांगेतला एक ट्रकवाला खदखदून हसला. “वकीलसाहेब, लय जुनी वलख दिसतेय!”

निकेत पुढं झाला. “काकी, टेन्शन नका घेऊ. बाजूला या, चहा घेऊ, बोलू.”

“तुजा चा तूच पी. तोंड पांडरं परलंय, जरा रंग येल.”

“अहो, कागद नेताना हितेश म्हणाला काकी आजारी आहे...” वकील कुजबुजले.

“आजारी? सकाली पोफलींना शिपणं करून आलेय मी! आता लिवून द्या, ही बाई माज्यासमोर आली नव्हती म्हनून.”

“मावशी, तसं लिहिलं तर माझी सनद जाईल हो.”

“न्हाय लिवलं तं माजी वाडी जाईल. सनद पुन्ना मिलंल तुमाना. पोफल लावली तं माज्या हयातीत उभी व्हईल का?”

दयाराम वकिलांनी लिहून दिलं. पश्चात्ताप झाला म्हणून? कसला पश्चात्ताप! रांगेत चार जणांनी मोबाइल वर धरले होते म्हणून. पण लिहिताना बाईंचं ओळखपत्र मागितलं, तोंडाकडे बघून पडताळलं, मजकूर मोठ्यानं वाचला, सही समोर घेतली. म्हणजे येत होतं ना सगळं! विसरला नव्हता हा माणूस, नुसता माजला होता. मग मला दाबलं. माझी कमान करकरली, सुपारीचा चुरा कागदावर पडला, पण अक्षरं उठली.

परवानगी थांबली. पोफळी उभ्या आहेत. हितेश काकीशी बोलत नाही, त्यानं काकीचं काही अडलेलं नाही. आणि गंमत बघा, गावात काही शहाणे आता म्हणतात, “चूक कबूल करायला मोठं मन लागतं. वकील प्रामाणिक!” थू तुमच्या प्रामाणिकपणावर. चोर सापडला की त्याला हार घालायची ही कुठली रीत?

बाईंची तक्रार वर गेली आहे. सनद गेली की मला जमा करून घेतील आणि माझी अक्षरं ठोकून सपाट करतील. करोत. मला जपा, मला तेल घाला असं रडगाणं मी गाणार नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, अशाच एखाद्या टेबलासमोर बसाल. कुणी म्हणेल, “वाचायचं काय त्यात, इथं करा सही.” तेव्हा एकच बघा, समोरचा मान वर करून तुमच्या तोंडाकडे बघतोय का. बघत नसेल तर पेन खिशात घाला आणि सरळ घरी चालू लागा.