धाकट्याचा डिस्चार्ज

शिंपीकामात थोरल्याची कात्री आणि धाकट्याचं मशीन, अशी वाटणी तीस वर्षं सुखानं चालली. खोकला मात्र दोघा भावांनी एकाच आठवड्यात धरला. दोघांना न्यूमोनिया, दोघं एकाच वॉर्डात, खाटेला खाट लागून. देवानं दोघांना एकाच मापात बसवलं म्हणावं, तर पाचव्या दिवशी धाकट्याला डिस्चार्ज मिळाला आणि थोरल्याच्या नाकातली ऑक्सिजनची नळी तशीच राहिली.

धाकटा घरचा शर्ट चढवत होता. ते पाहून थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्यापासून दुकानात हा एकटा! कापडावर खडू हाच ओढणार, गिऱ्हाइकांना याच्याच हातची सवय लागणार.

"सिस्टर, त्याला भारीतलं औषध दिलंत. खरं सांगा," तो धापा टाकत म्हणाला.

सिस्टरनं दोघांचे कागद पुढे धरले. "वाचा. तेच औषध, तेवढंच. फरक साखरेचा. तुमची तीनशे चाळीस! एवढी चढली की जंतूंशी लढणारी अंगातली शिबंदी सुस्तावते. मग आजार लवकर पकडतो नि उशिरा सोडतो. आणि तुम्ही दोन दिवस इन्सुलिन टोचू देत नाही."

"हळू बोला हो!"

मधुमेह चार वर्षांचा, पण धाकट्यापुढे कमीपणा नको म्हणून त्यानं तो लपवला होता. भरती होतानाही 'दुसरा आजार नाही' असं ठोकून दिलं. रक्त तपासलं तेव्हा बिंग फुटलं.

धाकटा खाटेवर टेकला. "दादा, मला ठाऊक आहे. गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवतोस. बटणं लावतं कोण? मीच ना?"

"म्हणजे इथंही तू पुढे!"

"महिनाभर एकही गोळी कमी झालेली नाही, तेही पाहिलंय. आता शिंपी असून सुईला भितो, असं दुकानात सांगू का?"

"भितो? मी?" थोरल्यानं सदरा वर करून पोट उघडं टाकलं. "टोचा सिस्टर. हा इथे आहे तोवरच टोचा."

सुई आत गेली तेव्हा डोळे धाकट्यानंच मिटले. थोरल्याला बरं वाटलं.

"मी येईपर्यंत नुसती शिवण. कापडाला कात्री लावलीस तर याद राख."

"सहा कोट कापायचे पडलेत, दादा. गिऱ्हाईक आठवडाभर थांबेल. त्यापुढे नाही."

थोरल्यानं सिस्टरकडे मान वळवली. "पुढची सुई किती वाजता?"