मस्कतला निघालेली सूटकेस

सन २०२५, वैशाखाचा दुसरा आठवडा. मी चामराजपेटेतल्या नरसिंहरावांची सूटकेस बोलतेय. काळी, कडक पाठीची. नरसिंहरावांनी लग्नात घेतलेली.

मला चाकं नाहीत. मला उचलावं लागतं, फरफटत नेता येत नाही. याचा मला गर्व होता.

बरीच वर्षं माळ्यावर काढली. यंदा घरची आणि शेजारची मंडळी मिळून मस्कतला फिरायला निघाली. मुलगा विनोदकुमार म्हणाला, "अप्पा, चाकांची नवी घेऊ."

"ही आहे ना. हिचा खटका कधी निसटला नाही."

मी फुगले.

नरसिंहरावांनी दार लावून सामान भरलं. तळाशी म्हातारपणी लागणारे डायपर, वर ते झाकायला लोकरी कोट. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना डायपर लागत होते. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. झाकण दाबताना ते पुटपुटले, "कळलं कुणाला, तर मी जाणार नाही."

सकाळी सगळ्यांचं सामान हॉलमध्ये आलं. शेजारचे वेणुगोपाल काट्याला अडकवून वजन करत होते. त्यांनी मला उचललं आणि माझा खटका निसटला.

सगळं फरशीवर. डायपर सगळ्यांच्या पायाशी. मी आ वासून पडले. नरसिंहरावांनी खुर्ची धरली. त्यांची मान मी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. ती माझ्यामुळे गेली.

सुनेची आई कस्तुराबाई निपाणीहून आली होती. ती पुढे झाली.

"माझी हायत ती. माझ्या पिशवीत मावंनात, म्हणून ह्या अण्णांच्या पेटीत घातली." तिने सगळं गोळा करून परत माझ्यात ठेवलं. नरसिंहराव खाली बसले.

मग तिची बॅग काट्यावर फारच जड भरली. वेणुगोपालांनी उघडली. आत मातीचं मडकं.

"अक्का, हे काय?"

"गार पाण्याला. तिकडं ऊन लई हाय म्हनं."

हॉल हसला. "हॉटेलात फ्रीज असतो, अक्का. विमानातून मडकं नेणाऱ्या तुम्हीच पहिल्या," वेणुगोपाल म्हणाले.

"आई, चारचौघांत काय हे," सून शिल्पाश्री म्हणाली. कस्तुराबाई पदराचं टोक चाचपत राहिली.

नरसिंहराव उठले.

"मडकं मी आणायला सांगितलं होतं. फ्रीजचं पाणी मला सोसत नाही."

हसणं थांबलं. त्यांनी मडकं आपल्या लोकरी कोटात गुंडाळलं, माझ्यात ठेवलं आणि मला सुंभाने आवळून बांधलं.