काचपेटीचे काळे झबले

मित्रांनो, माझे तोंड वाकडे आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी हसायला नको. मी एक जुनी, वीतभर उंचीची मातीची कुंडी आहे. कुंभाराने मला चाकावरून उतरवले, नेमकी तेव्हाच त्याला जोराची शिंक आली आणि त्याचा अंगठा माझ्या काठात रुतला. भट्टीतून मी तशीच भाजून निघाले. "राहू दे, झाडाला काय कळतंय," असे म्हणून त्याने मला इतर कुंड्यांच्या ढिगात ठेवले.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला विकत घेतले. तिने माझ्यात लावलेला गुलाब दोन वर्षे फुलला आणि मग वाळून गेला. त्यानंतर पाच वर्षे मी जिन्याखाली पालथी पडून होते. सोबतीला एक कोळी होता, पण तो फारसा बोलघेवडा नव्हता.

त्या घरात पुढच्या खोलीत ही शिवणवाली वहिनी आणि मागच्या खोलीत तिची थोरली नणंद राहत असे. नणंद म्हणजे निवृत्त नर्सबाई. बाळंतिणींच्या वॉर्डात तिने चौतीस वर्षे काढली होती. तिच्या हाताला गुण आहे, असे सारे म्हणत. निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठले. वेळ जावा म्हणून तिने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि क्लाउनफिशची जोडी आणली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले हे मासे तुम्ही चित्रात पाहिलेच असतील.

"यांची पिल्लं घरात होतील का हो?" तिने दुकानदाराला विचारले होते.

दुकानदार खो खो हसला. "ताई, ही जोडी समुद्रातून धरून आणलेली आहे. घरात वाढवणं आपल्यासारख्यांचं काम नाही!"

झाले! नर्सबाईला 'हे तुमचे काम नाही' असे सांगणे म्हणजे बैलाला लाल फडके दाखवण्यासारखेच होते. तिने पुस्तके आणली, वही आखली. माशांना अंडी घालायला खडबडीत जागा लागते असे पुस्तकात वाचले आणि तिला जिन्याखालची मी आठवले. पंधरा दिवस मला साध्या पाण्यात भिजत ठेवले, ब्रशने खसाखसा घासले आणि टाकीत आडवे ठेवले. माझ्या शेजारी प्लास्टिकचा एक दिमाखदार राजवाडा होता. मासोळी त्याच्या दारापर्यंत गेली, नाक मुरडून परत आली आणि माझ्या पाठीवर तिने चारशे नारिंगी अंडी घातली. त्या दिवशी माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! म्हणजे मला मान असती तर झाली असती.

मित्रांनो, या माशांमध्ये अंडी सांभाळतो बाप. तो बापडा दिवसभर परांनी वारा घालतो, खराब अंडे दिसले की तोंडाने उचलून काढतो आणि कोणी जवळ आले की अंगावर धावून जातो. ते बघून नर्सबाई म्हणाली, "वहिनी, चौतीस वर्षांत असा बाप मी पाहिला नाही गं!"

आठव्या दिवशी अंड्यांतून चंदेरी डोळे चमकू लागले. अंडी काळोखात फुटतात, म्हणून संध्याकाळी मला अंड्यांसकट शेजारच्या छोट्या काचपेटीत ठेवून दिवा बंद केला. सकाळी पाहिले तर पापणीच्या केसाएवढी शेकडो पिल्ले पोहत होती. मला परत मोठ्या टाकीत ठेवले. पेटीची काच टाकीच्या काचेला लागून असल्याने मला सारे दिसत होते.

आणि मित्रांनो, नको ते दिसले. चौथ्या दिवसापर्यंत सगळी पिल्ले तळाशी निजली, ती कायमचीच.

दुसऱ्या खेपेचीही तीच गत झाली. काळजीत तर काही कसूर नव्हती. माझ्या टाकीकडची बाजू सोडून पेटीच्या बाकी तिन्ही बाजूंना तिने पांढरीशुभ्र चादर लावली होती, वर लखलखीत दिवा टांगला होता. पिल्लांचे खाणे म्हणजे रोटिफर नावाचे धुळीच्या कणाएवढे जीव. ते हिरव्यागार शेवाळ्या पाण्याच्या बाटल्यांत वाढत. नर्सबाई ते तलम फडक्यातून गाळी, स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुई आणि मगच पेटीत सोडी. हिरव्या पाण्याचा एक थेंब तिने आत जाऊ दिला नाही. तिच्या वॉर्डात अशीच तर बाळे जगत आली होती.

तिसरी खेप गेली तेव्हा तिने वही मिटली. "माझ्या हाताचा गुण गेला," एवढेच ती म्हणाली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. "नाहीतर या कुंडीतच दोष आहे. इतकी वर्षं जिन्याखाली पडून होती. कोण जाणे काय मुरलंय हिच्यात!" तिने दुकानदाराला फोन केला. महिनाअखेरीला तो येऊन जोडी आणि टाकी घेऊन जाणार होता. आणि मी? मी कचऱ्याच्या डब्यात. मला फार वाईट वाटले, पण कुंडीने सांगायचे तरी कुणाला!

त्या खेपेची सात पिल्ले मात्र अजून धुगधुगी धरून होती. वहिनी सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्याकडे पाहत होती. सुईच्या नेढ्यात पाहून पाहून तिची नजर घारीची झाली होती. त्या सकाळी तिने एका गिऱ्हाईकाचा काळा कोट पेटीजवळच्या खुर्चीवर टाकला होता. त्याची सावली पेटीच्या एका कोपऱ्यात पडली होती.

"वन्सं, जरा इकडे या. जी उरलीत ना, ती सगळी सावलीत बसलीत."

"बसेनात का! आता काय उपयोग?"

"मी कोट उचलते हं. बघा." वहिनीने कोट उचलला. पिल्ले सैरावैरा धावली आणि काचेवर नाके आपटू लागली. तिने कोट परत ठेवला. पिल्ले शांत झाली.

संध्याकाळपर्यंत ती सातही गेली. पण वहिनीच्या डोक्यात चक्र सुरू झाले होते. आठवडाभराने मासोळीने पुन्हा माझ्या पाठीवर अंडी घातली तेव्हा वहिनी म्हणाली, "ही खेप माझ्या पद्धतीनं करायची."

"तुझी पद्धत कसली?"

"पेटीला काळं अस्तर लावायचं. दिवा मंद ठेवायचा. आणि पाण्यात ते हिरवं पाणी ओतायचं."

"अगं, नवजात लेकरांना घाण पाण्यात ठेवू?"

"घाण कसलं, ते त्यांचं घर आहे! रोटिफर त्यातच तर पोसतात. वन्सं, समुद्र कुणी फिनाइलनं पुसलाय का कधी?"

नर्सबाईला हसू आवरेना. "बरं बाई. नाहीतरी जोडी जायचीच आहे."

वहिनीने काळ्या अस्तराचे कापड घेऊन पेटीचे माप काढले आणि चांगले नाडी-बिडी लावून शिवले. "पेटीला झबलं?" नर्सबाई म्हणाली. "हो," वहिनी म्हणाली, "बाळांना तेच तर शिवतात."

पुन्हा चंदेरी डोळे चमकले, पुन्हा अंडी फुटली, सकाळी मी पुन्हा मोठ्या टाकीत आले. पण आता मधे काळे कापड होते. पलीकडे काय चालले आहे, मला काही दिसेना. ऐकू येई फक्त हवेच्या बुडबुड्यांचा आवाज आणि वहिनीच्या मशीनची खडखड. नर्सबाईची तर परीक्षाच होती. गाळायचे नाही, पुसायचे नाही! हात शिवशिवले की ती ते पदरात गुंडाळून बसे.

चौथा दिवस उजाडला. नर्सबाईने झबल्याची कड हळूच उचलली. वाकून आत पाहिले.

"वहिनी, मशीन थांबव."

मशीन थांबले. 

"आहेत गं! पोहतायत! पोटं भरलेली दिसतायत!" आणि चौतीस वर्षांत हजारो बाळे हातात घेतलेली ती बाई घळाघळा रडू लागली.

दहाव्या दिवशी पिल्लांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटला. नर्सबाई वही उघडून मोजायला बसली. पिल्ले एका जागी ठरत नव्हती, त्यामुळे तीनदा मोजावे लागले. एकशे त्रेसष्ट!

महिनाअखेरीला दुकानदार बादली घेऊन आला. वहिनीने नाडी सोडली, झबले खाली सरकले आणि त्याच्या हातातली बादली तशीच राहिली. "ही... ही घरात झाली?" तो पेटीत बोट घालायला गेला.

"आधी हात धुवा," नर्सबाई म्हणाली. "आणि साबण नको."

जोडी कुठेही गेली नाही. बादली रिकामी परत गेली आणि जाताना तोच पठ्ठ्या दारात विचारू लागला, "ताई, मला शिकवाल का?"

"माझ्या वहिनीला विचारा," नर्सबाई म्हणाली. "गुण तिच्या हाताला आहे."

त्या संध्याकाळी तिने मला पाण्यातून उचलले. आता पुन्हा ब्रश येणार, असे मला वाटले. पण तिने माझ्या काठाच्या खोलगट जागेत आपला अंगठा ठेवला. कुंभाराच्या अंगठ्याच्या जागी तो बरोबर बसला. "चुकलंच माझं," ती मला म्हणाली आणि मला परत माझ्या जागी ठेवले. प्लास्टिकचा राजवाडा सध्या जिन्याखाली आहे. कोळ्याला आता मोठी जागा मिळाली.

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. कोणाला जपायचे तर घासूनपुसून लख्ख करण्याआधी त्याला काय हवे ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर तो कोणत्या कोपऱ्यात जाऊन बसतो ते पाहा. आणि काही बिघडले की लगेच जुन्या कुंडीला दोष देऊ नका. आज माझ्या पाठीवर पुन्हा चारशे अंडी आहेत, बाप वारा घालतो आहे आणि पुढच्या खोलीत वहिनी दुसरे झबले शिवते आहे. पहिल्या पेटीत आता जागा उरलेली नाही.