एल्सिराबाईची रक्ती

गरिबी समजून घ्यायची तर गरिबाइतक्याच पैशांत जेवून पाहायचं, असं रेनाताच्या विद्यापीठात ठरलं. ठरवणारे जेवून आलेले असणार, त्याशिवाय असलं काही सुचत नाही. महिनाभर मूठभर नाण्यांत पोट भरायचं, कुणाला काही द्यायचं नाही, कुणाचं काही घ्यायचं नाही. त्यासाठी रेनाता लिमा शहराच्या कडेच्या टेकडीवर निकोलासाच्या घरी राहायला आली. घर म्हणजे प्लायवुडच्या भिंती आणि वर पत्रा. निकोलासाचा नवरा खाणीवर गेला तो गेलाच. मागे राहिल्या दोघी, ती आणि तिची दोन वर्षांची सुल्मा.

सुल्माच्या अंगात रक्त नव्हतं. दवाखान्यातली नर्स तिचं बोट टोचायची, आकडा बघायची आणि निकोलासावर डोळे वटारायची. लोहाचं औषध पोरीच्या पोटात ठरत नव्हतं.

"मग रक्ती दे. कोंबडीचं रक्त परतून, रोज," नर्सनं बजावलं होतं. "आणखी उतरलं ना, तर पोर हातची जाईल."

रोजची रक्ती यायची ती खालच्या बाजारातल्या एल्सिराबाईकडून. निकोलासा तिच्याकडे कोंबडीचे पाय घ्यायची, आणि एल्सिराबाई वर पिशवीभर रक्त टाकायची. फुकट. अशा वर टाकलेल्याला तिथं यापा म्हणतात. तो हक्कानं मागायचा असतो, पण आपल्या ठरलेल्या बाईकडेच. ठरलेली विकणारी आणि ठरलेलं गिऱ्हाईक, दोघी एकमेकींना कासेरिता म्हणतात. निकोलासा आणि एल्सिराबाई कित्येक वर्षं कासेरिता होत्या.

रेनाताला तिथं नेलं निकोलासानंच. पाहुणीला उपाशी कसं ठेवणार?

"एल्सिराबाई, ही माझ्याकडे राहायला आलीय. जरा बघा हं हिच्याकडे."

"अगं बाई! एवढी गोरीगोमटी पोर, आणि पाय खाणार?"

"मी आता इथलीच आहे, मावशी," रेनाता लाजून म्हणाली. झालं, एल्सिराबाई विरघळली.

सकाळी निकोलासा वस्तीच्या सामायिक चुलीवर बटाटे सोलायला जायची, तेव्हा कुठे दुपारी दोन वाट्या सूप पदरात पडायचं. बाजारात पोचायला उशीर व्हायचा. रेनाताला सकाळी काही काम नव्हतं. ती आधी पोचायची. पायांवर मिळतं ते खरेदीतलंच, असं तिनं नियमात बसवलं होतं.

"माझा यापा, कासेरिता?" निकोलासानं एक दिवस विचारलं.

"तुझी ती गोरी पोरगी मघाशीच घेऊन गेली की! एकाच घरात दोनदा देऊ होय गं?"

"तिची चूल वेगळी आहे हो."

"वेगळी? एका छपराखाली? भांडलात की काय?"

"छे छे!" निकोलासा घाईनं हसली. पाहुणीची कागाळी केली, असं बाजारभर व्हायला नको होतं. तेवढ्यात रेनाता कांदा घ्यायला परत आली, आणि निकोलासाच्या डोक्यावरून एल्सिराबाई ओरडली, "काय गं कासेरिता, काल पुदिना घातलास का?"

निकोलासानं ओ द्यायला तोंड उघडलं, पण हाक तिला नव्हती.

संध्याकाळी रेनाता आपल्या छोट्या पातेल्यात रक्ती परतायला बसली. कांदा, पुदिना, वर लिंबू. घरभर वास सुटला. सुल्मा जाऊन तिच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"हिला देऊ का एक घास?" रेनाता म्हणाली. "नियमात बसत नाही, पण कोण बघतंय!"

"नको नको, तिचं पोट भरलंय. तुम्ही खा."

ज्या डोंगरातल्या गावातून निकोलासा आली होती, तिथं पाहुण्याच्या ताटाकडे आपलं पोर टक लावून बघतंय, ही मरणाची लाज. तिनं सुल्माला दंडाला धरून ओढलं आणि बटाट्याचं पाणी पाजलं. एक वाक्य बोलली असती तर भागलं असतं. रेनाता काही दुष्ट नव्हती, तिनं पातेलंच पुढे केलं असतं. पण निकोलासा मूग गिळून बसली. दुसऱ्या दिवशीही बसली, आणि नंतर तर आता कसं बोलायचं म्हणून बसली. राग यावा असंच आहे हे. बरं, रागावून जायचं कुणाकडे?

महिना संपला. रेनाता थोडी वाळली होती, पण चेहऱ्यावर तेज होतं. निकोलासाच्या गळ्यात पडून ती रडली.

"तुम्ही मला जगायला शिकवलंत. इतक्या थोड्यात माणूस किती नीट जेवू शकतो! आणि एल्सिराबाईंना मी सांगितलंय, रक्त फुकट वाटू नका, सोनं आहे ते. पेल्यात भरून विका म्हटलं. त्यांचंही भलं होईल."

"बरं केलंत," निकोलासा म्हणाली.

त्याच आठवड्यात नर्सनं बोट टोचलं. थेंब नीट येईना, म्हणून दुसरं टोचलं. मग आकडा बघून ती कडाडली.

"पोरीच्या तोंडचं तूच खाल्लंस की काय?"

सुल्मा रडलीसुद्धा नाही, आईच्या खांद्यावर मान टाकून पडून राहिली.

पोरीला घरी निजवून निकोलासा तशीच बाजारात धावली. एल्सिराबाईच्या फळीवर प्लास्टिकचे पेले मांडलेले होते, काळपट लाल, काठोकाठ. समोर बायकांची रांग होती.

"घे ना, तुला म्हणून कमी लावते."

"आज नाहीयेत हो पैसे. थोडंसं द्या. सुल्मासाठी."

"फुकट?" एल्सिराबाई हसली, आणि त्या हसण्यात वाईटपणा मुळीच नव्हता. "अगं, तुझ्याच त्या गोऱ्या पोरीनं तर अक्कल शिकवली मला! चल, सरक बाजूला, मागे माणसं आहेत."

धुक्यातून टेकडी चढून निकोलासा घरी आली. सुल्मा अंथरुणात नव्हती. दाराबाहेर, जिथं हातपाय धुतल्याचं पाणी मुरतं तिथं बसली होती. तोंड तपकिरी झालेलं, हनुवटीवर चिखल, दोन्ही मुठी भरलेल्या. अंगात रक्त नसलेली पोरं माती खातात, हे टेकडीवर कुणाला सांगावं लागत नाही.

निकोलासानं धावत जाऊन तिच्या तोंडात बोट घातलं आणि माती उकरून काढली. पोर घशातून किंचाळली आणि आईचंच बोट चोखू लागली. निकोलासानं बोट सोडवून घेतलं. काही द्यावं म्हणून तिनं घरात नजर टाकली. द्यायला काही नव्हतं.

ती पोरीशेजारी खाली बसली. सुल्मानं पुन्हा मूठ भरली. या वेळी निकोलासानं तिचा हात धरला नाही.