बाईंच्या रानाची पाहणी

साल एकोणीसशे ब्याऐंशी. मला नोकरीत कायम केलं ते वर्ष, त्यामुळे चूक होण्याची शक्यता नाही. मी विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे टंकलेखिका होते आणि राहायला ताईकडे, आवारातल्याच क्वार्टरमध्ये.

ताई प्राणिशास्त्र शिकवायची. तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, विद्यापीठाचे उद्यान अधीक्षक. हा संसार कोणी जुळवला ते देव जाणे. कुंपणाची झुडपं भावोजी अशी सपाट कापून घेत, की वर पाण्याचा पेला ठेवला तर हिंदकळला नसता. आणि ताईला कापलेलं झुडूप दिसलं की ती घरात शिरायच्या आधीच सुरू व्हायची.

"अहो, त्या वेलीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"खिडकीतून आत येत होती."

"येऊ दे की! तुमचे चुलते येतातच ना न सांगता?"

"ते परत तरी जातात," भावोजी म्हणायचे आणि ताटाभोवतीची शितं बोटानं गोळा करायचे. सांडलेलं त्यांना बघवत नसे.

ग्रंथालयाच्या मागे दोन जुनी टेनिस कोर्टं होती. खेळणारे प्राध्यापक निवृत्त झाले, जाळी फाटली, आणि ती जागा ताईनं आधीच्या कुलगुरूंकडून मागून घेतली. अट एकच : इथे कोणी काहीही करायचं नाही. काही वर्षांत भेगाळलेल्या मातीतून कमरेएवढं गवत आलं. खोलगट कोपऱ्यात पाणी साचून बेडूक झाले, बेडकांमागे साप आला, आणि कोर्टावर फिरवायचा लोखंडी रोलर गंजून पडला होता त्याच्या आडोशाला एका मुंगसिणीनं बिऱ्हाड थाटलं. जैवविविधता हा शब्द आमच्या आवारात अजून पोचायचा होता. लोक म्हणायचे, 'बाईंचं रान'. ताई विद्यार्थ्यांना वर्गात कमी आणि तिथेच जास्त शिकवायची. तिचं सगळं काम, सगळा जीव त्या गवतात होता.

आमच्या कुलसचिवांना मात्र ती जागा गाड्या लावायला हवी होती. मोकळी जमीन दिसली की त्यांच्या डोळ्यांपुढे रोडरोलर उभा राहायचा. पाठीमागे आम्ही सगळे त्यांना डांबरसाहेब म्हणायचो. नवे कुलगुरू आले तसा साहेबांनी प्रस्ताव पुढे सरकवला. कुलगुरू पदार्थविज्ञानाचे, सरळ माणूस. म्हणाले, "सोमवारी मी स्वतः बघतो. तिथे खरंच प्राणी नांदत असतील तर जागा बाईंची. नसतील तर तुमची."

नेमकी ताई त्या आठवड्यात परगावी परीक्षक म्हणून गेली होती आणि सोमवारी सकाळीच परतणार होती. जाताना तिला काळजी नव्हती. "बोलायची गरजच पडणार नाही," ती मला म्हणाली. "आत पाऊल टाकलं की त्यांचं त्यांनाच दिसेल."

रविवारी दुपारी भावोजी मला बोलवायला आले. शर्टावर चुन्याचे शिंतोडे, चेहरा उजळलेला.

"चल, तुला गंमत दाखवतो. तुझ्या ताईला कळू देऊ नकोस."

आम्ही ग्रंथालयाच्या मागे गेलो. रान नव्हतंच. गवत न्हाव्यानं मशीन फिरवावी तसं कापलेलं. डबकं बुजवून वर वाळू पसरलेली. कडेनं विटा तिरप्या रोवलेल्या, एक पांढरी, एक तांबडी. गंजका रोलर घासूनपुसून हिरव्या रंगात रंगवलेला. समोर पाटी : 'वन्य परिसर. गवतावर चालू नये.'

"भावोजी, हे काय केलंत?"

"पाहणी आहे ना!" ते म्हणाले. "इतकी वर्षं तिच्या या जागेकडे मी ढुंकून पाहिलं नाही. म्हटलं, एकदा तरी तिच्या उपयोगी पडावं. माळ्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावलं. कसं दिसतंय?"

कोणाचीही पाहणी आली की विटांना चुना आणि गेरू, हे ते आयुष्यभर करत आले होते. पाहणी गवताचीच आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून ते सांगायचं मी टाळलं.

"आणि तो सगळा पालापाचोळा?" शेवटी मी विचारलं.

"ट्रॉली भरभरून प्रशासन इमारतीच्या मागे टाकला. सभागृहाच्या भिंतीला लागून. पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही."

सोमवारी ताई हातात बॅग घेऊन थेट कोर्टावर आली. कुलगुरू, डांबरसाहेब, वही-पेन्सिल घेऊन मी, आणि इस्त्रीचे कपडे घातलेले भावोजी. ताईनं पाटी वाचली, विटा पाहिल्या. मग भावोजींकडे पाहिलं. भांडायच्या ऐवजी तिनं नुसती बॅग खाली ठेवली, तेव्हा भावोजींना वाटलं, ती भारावली.

कुलगुरूंनी चष्मा पुसला. "बाई, प्राणी कुठे आहेत?"

उत्तर भावोजींनी दिलं, आणि तेही छाती काढून. "एकही शिल्लक नाही सर! कोपरान् कोपरा साफ केलाय. खात्रीनं सांगतो."

डांबरसाहेबांनी भावोजींचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "वा! याला म्हणतात काम. सर, मग ठराव करून टाकू या? सभागृहात बसू, थंड आहे तिथे."

ताईनं बॅग उचलली. "चला," ती म्हणाली. "त्या कागदावर काय लिहिता ते तरी बघते."

सभागृहाच्या खिडकीत तेव्हा पाण्याचा मोठा कूलर होता. शिपायानं बटण दाबलं. कूलर घरघरला, आणि त्या घरघरीतून आवाज आला, "डर्र्रांव." पाठोपाठ दुसरा. मग जणू सगळी वरातच आत बसली होती. शिपायानं बटण बंद केलं तर गाणं आणखी रंगात आलं.

"हे काय आहे?" कुलगुरूंनी विचारलं.

"बेडूक," ताई म्हणाली. तिचे डोळे प्रथमच हसले. "डबकं बुजवल्यावर पाणी शोधणारच ना ते? जवळ हेच सापडलं."

डांबरसाहेब हसून म्हणाले, "किरकोळ बाब आहे, सर," आणि ठरावाचा मसुदा काढायला त्यांनी कपाट उघडलं. मागची फळी निखळलेल्या खालच्या कप्प्यातून मुंगसीण बाहेर आली. मागे पिल्लं, ओळीनं, शाळेत निघाल्यासारखी. कुलगुरूंच्या खुर्चीखालून ती शांतपणे दारापर्यंत गेली. दारात शिपाई उभा होता. त्यानं सलाम ठोकून वाट दिली; सवयच ती.

"सर, आपण जरा बाहेर—" डांबरसाहेब म्हणाले आणि तेवढ्यात त्यांनी आधाराला पडद्याच्या दोरीला हात घातला. ती दोरी नव्हती.

एवढ्या जाडजूड माणसाला टेबलावर चढताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"बिनविषारी आहे हो," ताई म्हणाली. तिनं साप अलगद सोडवून हातावर घेतला. "घाबरलाय बिचारा. परक्या घरात कोण नाही घाबरणार?"

"बाई, यांचं घर कुठे होतं?" कुलगुरूंनी विचारलं. त्यांनीही पाय खुर्चीवर घेतले होते, पण आवाज स्थिर होता.

"टेनिस कोर्टावर."

"म्हणजे नांदत होते."

"सुखानं नांदत होते, सर. काल दुपारपर्यंत."

"मग त्यांना परत पाठवा! आत्ताच्या आत्ता!" टेबलावरून डांबरसाहेब ओरडले. "कायमचं! मी लेखी देतो!"

ठराव ताईनं सांगितला आणि मी लिहून घेतला. जागा प्राण्यांची राहील. तिथे डांबर, यंत्र, कात्री, चुना आणि गेरू यांना मज्जाव. शेवटच्या दोन शब्दांना ती भावोजींकडे बघत होती. डांबरसाहेबांनी सही टेबलावर बसूनच केली.

संध्याकाळी भावोजींनी सगळा पालापाचोळा स्वतः परत वाहून नेला. रचला मात्र चौकोनी, कडा जुळवून. ताई आली, ढिगाकडे पाहिलं, आणि पदर खोचून पायानं तो उधळायला लागली.

"अगं, तुला राग आलाय का?" भावोजींनी विचारलं.

"राग? तुम्ही माझ्यासाठी केलंत, तेही सुट्टीच्या दिवशी. रागवायचीही सोय ठेवली नाहीत तुम्ही! या, त्या बाजूनं विस्कटा."

त्यांना ते जमेना. शेवटी तिनं हात धरून शिकवलं.

रान पुन्हा उभं राहायला दोन पावसाळे गेले. मुंगसीण मात्र आधीच परतली होती. हिरवा रोलर तिला आवडला असावा.

कुलगुरू मुदत संपल्यावर लेकीकडे परदेशी गेले आणि दर वर्षी ताईला बेडकांची खुशाली विचारणारं कार्ड पाठवत राहिले. डांबरसाहेबांची बदली झाली. तिथे त्यांनी तीन मजली वाहनतळ बांधला असं ऐकलं. शिपायाची नात आता वनखात्यात आहे. भावोजी निवृत्तीनंतर रोज ताईबरोबर कोर्टावर जाऊन बसायचे, हात पाठीमागे घट्ट बांधून. ते गेल्यावरही ताई काही वर्षं एकटी जात राहिली, मग तीही गेली. मी नोकरी संपवून शहराच्या दुसऱ्या टोकाला भाच्याकडे, म्हणजे ताई-भावोजींना त्यानंतर झालेल्या मुलाकडे, राहते. त्याच्या बाल्कनीत कुंड्या आहेत, सगळ्या एका रेषेत, आणि मी त्यांना हात लावत नाही.