रेडिओ वाचायचा तेव्हा

काकूंनी सकाळी आल्या आल्या जाहीर करून टाकलं, "रक्तपेढीचा डेटाबेस मी हातानं उभा करणार. कुणाला काही म्हणायचंय?"

कोण म्हणणार! अख्खं ऑफिस त्यांना टरकून असायचं. साहेब तेवढे धीर करून म्हणाले, "काकू, तुमच्याच लेकीनं स्क्रिप्ट लिहिलीय. एकदा चालू केली की सगळं आपोआप होतं."

"होऊ दे की. पण उद्या कुणाला कुठलं रक्त द्यायचं ते याच्यावरून ठरणार. मला प्रत्येक पायरी डोळ्यांखालून गेलेली हवी."

"बरं. पण आज जी पद्धत जमेल तीच यापुढे कायम," एवढं बोलून साहेब सटकले.

काकूंचं कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सर्व्हरच्या त्या गारेगार खोलीत होतं. पूर्वी तिथे दोन खुर्च्या असायच्या. एकीवर काकू, टाइप करायला. दुसरीवर त्यांचा नवरा, पायऱ्यांचा कागद मोठ्यानं वाचायला. आवाज असा खणखणीत, की पॅसेजमधल्या शिपायालाही कमांड तोंडपाठ झालेल्या. म्हणून त्याचं नावच पडलं रेडिओ. रेडिओ एक ओळ वाचणार, काकू ती टाइप करून "झालं" म्हणणार, मग पुढची ओळ. शाळा सुटली की लेकही तिथेच गृहपाठ करत बसायची.

डिस्क पुसायची कमांड आली की मात्र रेडिओ हात आडवा घालायचा. ती एकदा दिली की ब्रह्मदेव आला तरी परत घेता येत नाही. "बाईसाहेब, आधी पाणी!" मग दोघं उठायची, पॅसेजमध्ये जाऊन ग्लासभर पाणी प्यायची, आणि परत येऊन ती ओळ नव्यानं वाचायची. काकू चिडायच्या, "अहो, तहान नाहीये मला!" पण उठायच्या.

मग एका हिवाळ्यात रेडिओ कायमचा बंद पडला. दुसरी खुर्ची कुणीतरी उचलून नेली. पाण्यासाठी एकटीनं उठणं जिवावर यायचं, तीही रीत सुटली. तरी टाइप करायला बसलं की तो आवाज काकूंच्या कानात अजून यायचा. स्क्रिप्ट आली की तोही जाणार होता. तेवढंच तर उरलं होतं त्या बाईकडे!

दुपारी काकू विजयी मुद्रेनं बाहेर आल्या. "घे, तपास."

लेकीनं तपासलं. मग हळूच म्हणाली, "आई, डेटाबेसची रोज नक्कल ठेवायची पायरी राहिलीय."

"काहीतरीच काय! प्रत्येक ओळीला 'झालं' म्हटलंय मी."

पण राहिली होती खरी. काकूंनी कागद समोर ठेवला होता, वाचला मात्र नव्हता. 'झालं' म्हणून थांबायचं, कानात येईल ती पुढची ओळ टाइप करायची, असं चाललं होतं. आणि कानातल्या रेडिओनं एक ओळ गाळली होती.

"जिवंतपणी एकदाही चुकले नाहीत गं ते," काकू कागदावरची ती ओळ बघत म्हणाल्या. "चूक माझी. आठवणीच्या भरवशावर लोकांचं रक्त ठेवायला निघाले होते. लाव बाई तुझी स्क्रिप्ट."

"तूच लाव. मी बसते शेजारी." लेक बाहेरून एक खुर्ची ओढत घेऊन आली.

काकूंनी स्क्रिप्ट चालू केली. पडद्यावर ओळी भराभर सरकू लागल्या, प्रत्येकीच्या शेवटी 'झालं' उमटत गेलं. काकू डोळे फाडून बघत राहिल्या. आणि डिस्क पुसायच्या ओळीपाशी एकदम सगळं थांबलं.

"बंद पडली का गं?"

"वाच ना."

पडद्यावर लिहिलं होतं, 'बाईसाहेब, आधी पाणी!'

काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांना दिसतं?"

"सगळ्यांना. साहेबांनाही बाईसाहेबच म्हणतं. ते काढून टाक म्हणून दोनदा मागे लागले होते."

"मग?"

"मग काय! त्यांनाही उठून पाणी प्यावं लागतं."

काकू हसता हसता रडायला लागल्या. पदरानं तोंड पुसून उठल्या. "चल, ऊठ."

"मला तहान नाहीये, आई."

"मलाही कधी नसायची," काकू म्हणाल्या, आणि लेकीचा हात धरून तिला पॅसेजमध्ये घेऊन गेल्या.